लाल हाक

करवाडीच्या भूमिगत कोळसा खाणीत परवा दुपारी दक्षिण विभागाचं छत खाली आलं. दौलत कोवेची चौघांची टोळी त्या वेळी आत होती. आणि नियंत्रणकक्षाच्या भिंतीवरचा भलामोठा पडदा तेव्हापासून एकच गोष्ट सांगत होता : 'लाल हाक – एकही नाही.' बाकी पडदा हिरवागार. उन्हाळ्यातल्या चंद्रपूर जिल्ह्यात एवढी हिरवळ दुसरीकडे कुठे नसेल, असं डॉ. शलाका निमगडे हिच्या मनात आलं आणि तिचं डोकं आणखीच तापलं.

"छत कोसळतं आणि चौघांपैकी एकालाही टोपीवरचं लाल बटण दाबता येत नाही, हे तुम्हाला पटतं?" तिने विचारलं.

"मला पटून न पटून काय उपयोग? यंत्र सांगतंय ना!" खाणीचे व्यवस्थापक अनिरुद्ध खापर्डे यांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला. "आणि यंत्रांचे नियम तुम्ही बनवलेत, मॅडम. लहरवाटपाची व्यवस्था बिनचूक चालली, एवढं मान्य करून सही करा. आत कोळसा तापायला लागलाय. संध्याकाळच्या पाळीआधी विभागाच्या तोंडाशी भिंत घातली नाही, तर आग बाकीच्या खाणीत शिरेल. लाल हाक नसेल तरच भिंत घालता येते, असा नियम आहे. हाक आली नाही, हे सांगायला तुमच्याइतकं योग्य माणूस कोण?"

भिंत म्हणजे विटा-सिमेंटची, पुरुषभर जाडीची. आतली हवा तोडली की आग गुदमरून मरते. आत माणूस असला तर तोही मरतो, पण नियमात ते वाक्य नव्हतं.

दाराशी सदाशिव उईके उभा होता. दक्षिण विभागाचा सरदार, म्हणजे तिथल्या टोळ्या जिवंत वर आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर असा माणूस. छत पडल्यापासून त्याने अंगावरचे कपडेसुद्धा बदलले नव्हते.

"साहेब, थो दौलत हाये," तो म्हणाला. "थो मेला तरी बटन दाबूनच मरन."

"उईके, तुला बोलायला कुणी सांगितलं?"

"मी सांगते," शलाका म्हणाली. "बोल, उईके. आणि साहेब, ते पेन तुमच्याकडेच ठेवा."

तिचा हा स्वभाव नागपूरच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होता. वडील याच पट्ट्यातल्या एका खाणीत कोळशाचे टब, म्हणजे रुळांवरचे लोखंडी डबे, भरायचे; जेवताना चिडले की ताट सरकवायचे. मुलीने ताटाऐवजी अहवाल सरकवायची सवय लावून घेतली होती.

तिची व्यवस्था समजून घ्यायला गणित लागत नाही. जमिनीखाली बिनतारी लहरी फार लांब जात नाहीत, कोळसा त्यांना पिऊन टाकतो. वापरता येईल असा लहरपट्टा अगदी अरुंद. आणि त्यावर हक्क सांगणारे ढीगभर : कोळसा उकरणारी यंत्रं, वाहून नेणारे पट्टे, हवेचे पंखे, वायू हुंगणारी नाकं, मजुरांच्या डोक्यावरच्या बोलक्या टोप्या. तीन ठेकेदार, तिघांची यंत्रं वेगळी. प्रत्येकजण दुसऱ्यावर मात करायला आपला आवाज वाढवत गेला. पंगतीत सगळेच एकदम 'वाढा, वाढा' ओरडायला लागले की वाढप्याला काहीच ऐकू येत नाही, तशी गत झाली. पंखा बंद पडल्याचा निरोप पोचेना, म्हणून शलाकाला बोलावलं गेलं.

तिने खेळसिद्धांत लावला. प्रत्येक यंत्र हा एक खेळाडू. बोलायचं असेल तर त्याने आपली निकड सांगायची. ज्याची निकड मोठी, त्याला बाकीच्यांनी वाट द्यायची. मग कुणीही उठून खोटी निकड सांगेल, त्याचं काय? त्याची पत घसरेल. गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या बोगद्यांच्या, भिंतींवर निरोप पुढे ढकलणारी भिंतयंत्रं बसवली होती, ती अशाला पुढच्या वेळी वाट देणार नाहीत. आज खोटं बोललास तर उद्या भोगशील, एवढंच सूत्र. वर कुणी मुकादम नको, कुणाची मेहेरबानी नको. खेळ रोजचा असेल, तर आपल्या फायद्यासाठी का होईना, सगळे खरं बोलतात. आणि खरोखरच गेली कित्येक वर्षं करवाडीत सगळे खरं बोलत होते.

सगळे म्हणजे सगळी यंत्रं. माणसांचं जरा वेगळं होतं.

"निनाद," ती पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाकडे वळली, "गेल्या वर्षी तुम्ही लोकांनी माझ्या व्यवस्थेत काय घुसडलंत?"

निनाद पांगारकर मोठ्या ठेकेदार कंपनीचा मुख्य अभियंता. एकेकाळचा तिचा विद्यार्थी, आणि विद्यार्थी म्हणून हुशार, ही त्यातली वाईट गोष्ट.

"घुसडलं नाही, मॅडम, सुधारणा केली. तुमच्या व्यवस्थेत एक भोक होतं." तो शांतपणे बोलत होता, जणू वर्गात निबंध वाचून दाखवतोय. "पाळी संपत आली की मजूर काय करायचे, ठाऊक आहे? वर नेणारी गाडी लवकर यावी म्हणून सरळ लाल बटण दाबायचे. शेवटच्या अर्ध्या तासात नुसता गोंगाट. पत घसरायची, पण कुणाची? टोपी बत्तीघरात जमा होते. उद्या ती दुसऱ्याच्या डोक्यावर. याने खोटं बोलायचं आणि भोगायचं त्याने."

उईकेने मान खाली घातली. हे खोटं नव्हतं.

"मग?"

"मग आम्ही भिंतयंत्रांना एक गोष्ट शिकवली. समोरच्या खेळाडूचा किती खेळ शिल्लक आहे, याचा अंदाज घ्यायचा. उर्वरित खेळ लांब असेल तर विश्वास ठेवायचा, कारण त्याला उद्याची भीती आहे. संपत आला असेल तर ठेवायचा नाही. हे तर तुम्हीच आम्हाला शिकवलंत, मॅडम. शेवटच्या डावात कुणीच प्रामाणिक नसतो."

"अंदाज कशावरून घेतात?"

"आधी बॅटरी आणि पाळीची वेळ. पुढचं यंत्रं आपली आपण शिकली. जुन्या नोंदींत त्यांना दिसलं की टोपीच्या आसपास विषारी वायू वाढला, टोपीखालच्या माणसाची नाडी बिघडली, धूळ वाढली, की ती टोपी थोड्याच वेळात कायमची बंद पडते. म्हणजे उर्वरित खेळ थोडा. खोट्या हाका जवळजवळ नाहीशा झाल्या. आम्हाला त्याबद्दल पारितोषिकसुद्धा—"

तो थांबला. बहुधा शलाकाचा चेहरा त्याला तेव्हा प्रथमच नीट दिसला असावा.

"वायू वाढला, नाडी बिघडली," ती म्हणाली. "अरे, त्यालाच संकट म्हणतात! माणूस जितका खरोखर मरणाच्या दारात, तितकी त्याची हाक खोटी. हे शिकवलंत तुम्ही यंत्रांना?"

"एक मिनिट," खापर्डे मध्ये पडले. "जामिनाची सोय आहे ना? एखाद्या टोपीची पत कमी असली, तर शेजारची टोपी तिच्यासाठी जामीन राहून हाक पुढे देते. तुम्हीच मला दाखवलं होतं."

"कोण राहतं हो जामीन? आज मी तुझ्यासाठी पत पणाला लावते, उद्या तू माझ्यासाठी लावशील, हा हिशेब असतो. जो उद्या असणारच नाही, तो फेड कशी करणार? आता या यंत्रांनी मरणाऱ्यासाठी जामीन राहणंही सोडलं असेल. सोडलंय ना, निनाद?"

निनादने मान डोलावली.

"आणि ज्याला पत नाही त्याची हाक भिंतयंत्र नोंदवतसुद्धा नाही, कारण नोंद वर पाठवायलाही लहर खर्च होते. म्हणून तुमचा पडदा हिरवा. वाळीत टाकलेल्या माणसाने कितीही आरडाओरडा केला तरी गावाच्या लेखी शांतताच असते, साहेब."

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे तिच्या आजोबांना कुणी खेळसिद्धांतातून शिकवलं नव्हतं. गावाच्या विहिरीवर शिकवलं होतं. आणि त्यांच्याच नातीच्या नावावर चालणारी व्यवस्था जमिनीच्या पोटात चार माणसांशी तेच करत होती. संतापाने तिला क्षणभर समोरचं दिसेना.

खापर्डे मात्र खुर्चीत रेलून बसले. "हे सगळे तर्क झाले. आणि राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो. या महिनाअखेर तुमचं आमच्याबरोबरचं काम संपतंय. नंतर तुम्ही कुठे, आम्ही कुठे! जाणाऱ्या माणसाचं आरोप करायला काय जातं? उद्या खाण पेटली तर उत्तर मला द्यायचंय."

शलाका मोठ्याने हसली. ते हसू ऐकून उईके दारातून एक पाऊल आत आला.

"शाब्बास! पांगारकर, बघितलंत? तुमचं भिंतयंत्र इथे खुर्चीत बसलंय. माझा खेळ संपत आला, म्हणून माझा शब्द खोटा!"

"शब्दांचे खेळ पुरे," खापर्ड्यांचाही पारा चढला. "तुम्हाला पुरावा हवा ना? छत पडल्याचा हादरा वरच्या उपकरणांवर नोंदला गेलाय. त्याच्यानंतर, नीट ऐका, त्याच्यानंतर दौलत कोवेच्या टोपीवरून काय आलं माहितीय? कॅन्टीनला ऑर्डर. भजी, चार प्लेट. कॅन्टीनवाली बाई तक्रार घेऊन आली म्हणून कळलं. डोक्यावर छत पडलेला माणूस भजी मागवतो? म्हणजे तो हादरा किरकोळ होता, मंडळी मजेत होती. खरं छत त्यानंतर आलं आणि एका दमात सगळं संपलं. कसली हाक आणि कसली पत!"

शलाकाने अहवाल ओढून हादऱ्याची वेळ पुन्हा वाचली.

भजीचं बटण तिनेच बसवलं होतं. टोपी बनवताना तिने मजुरांना विचारलं होतं, तुम्हाला यात काय हवं? साहेबलोकांनी दहा गोष्टी सुचवल्या. मजुरांनी आपसांत खसखस पिकवून एकच सांगितली. पाळी सुटली की टोळीचा म्होरक्या खालूनच कॅन्टीनमधल्या मशीनवर कळवील, म्हणजे वर येईस्तोवर भजी गरम. समितीत त्यावर बरीच टिंगल झाली होती. तिने हट्टाने बटणं बसवली. भजी, चहा आणि किती ते सांगणारा आकडा. करवाडीत आता रीतच झाली होती, की भजी मागवली म्हणजे टोळी खुशाल आहे, निघालीच समजा.

आणि दौलतने भजी मागवली होती. तिने उईकेकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

"भिंतीचं काम सुरू झालंय का?" तिने विचारलं.

"माल कालवून तयार आहे. तुमच्या सहीसाठी थांबलंय."

"मग मला एक प्रयोग करू द्या. वापरून बॅटरी उतरलेली एक टोपी द्या, आणि विषारी वायू मिळेल अशी जागा. कॅन्टीनची भट्टी दगडी कोळशाचीच आहे ना अजून?"

खापर्ड्यांनी घड्याळ पाहिलं, खांदे उडवले. आपल्यावर पुढे कुणी बोट ठेवायला नको, एवढा विचार त्यांच्याजवळ होता.

कॅन्टीन खाणीच्या फाटकाशी होतं. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी धगधगत होती आणि पार्बताबाई कढईपुढे घामाघूम होऊन बसली होती. साहेब, इंजिनीयर, सरदार आणि डोक्यावर काळी टोपी चढवलेली बाई, अशी वरात पाहून तिचा झारा हातातच राहिला.

"काऊन बाप्पा, आज साऱ्याइले भूक लागली का?"

शलाका सरळ भट्टीशी गेली. भट्टीत कच्चा कोळसा नुकताच टाकलेला, धूर दाट. ती वाकली आणि तोंड धुरात घातलं.

"मॅडम!" निनाद पुढे धावला. "अहो, घुसमटाल!"

"तेच करायचंय," ती खोकत म्हणाली. टोपीच्या कडेवरचा वायुदर्शक पिवळा झाला, मग लाल झाला. डोळ्यांतून पाणी, छातीत धडधड. अगदी पुढचं दिसेनासं झालं तेव्हा तिने लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबून धरलं.

कॅन्टीनच्या भिंतीवरही एक भिंतयंत्र होतं आणि त्याच्यावर भोंगा. तो मुका राहिला. नियंत्रणकक्षाच्या पडद्यावरचंच सगळं दाखवणारी एक पाटी खापर्ड्यांच्या हातात होती, तीही हिरवीच होती. उईकेने तिला खांद्याला धरून मागे ओढलं, तेव्हा ती उभीही राहू शकत नव्हती.

ती बाहेर कडुलिंबाखाली बसली. पाणी प्यायली. श्वास सुरळीत झाला. वायुदर्शक हिरवा झाला, नाडी जागेवर आली. उईकेने टोपीला नवी बॅटरी लावून दिली. मग तिने, काही म्हणता काहीही झालेलं नसताना, तेच बटण एकदा दाबलं.

भोंगा असा कोकलला की झाडावरचे कावळे उडाले. जमिनीखालची घरघर थांबली. पट्टे थांबले, यंत्रं थांबली, पाटीवर लाल अक्षरं नाचू लागली. खापर्डे धावत तिच्यापाशी आले आणि हाक रद्द करायला त्यांना पाटीवर आपला अंगठा तीनदा टेकवावा लागला. रद्द होताच पाटीवर ओळ उमटली : 'खोटी हाक. या टोपीची पत – शून्य.'

"बघितलंत?" शलाकाचा आवाज अजून बसलेला होता. "खोटी हाक सगळ्या खाणीने ऐकली. खरी हाक भिंतीवरच्या भोंग्यापर्यंत पोचली नाही. त्या चौघांनी दोन दिवस बोटं झिजेपर्यंत बटण दाबलं असेल, हो!"

निनाद खाली बसला होता. खापर्ड्यांनी पाटीवरची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "हाक कदाचित दबली असेल. मान्य. पण ते जिवंत आहेत, हे यावरून सिद्ध होत नाही. आणि ती भजी? भजीचं काय?"

"भजीचं मी सांगतो ना!" कढईमागून पार्बताबाई कडाडली. भोंग्याच्या गडबडीत तिचा भज्यांचा एक घाणा करपला होता आणि आता ती कुणाचीच भीड ठेवणार नव्हती. "एक तं तुमचे लोकं आर्डर देतेत आन येत नाहीत. परवा चार प्लेटा तळल्या, कोनी आलं नाही. मी हापिसात जाऊन बोंबलून आली, कोनाले काही पडली नाही. काल त्याच नंबरावून पुन्हा चार! वाटलं आज तरी येतीन. कुत्र्याइले टाकल्या, बाप्पा. आन आज सकाळी पुन्हा तीन. आता नाही तळत मी, मनलं. गंमत लावली का गरिबाची?"

शलाका उठून शेडमध्ये आली.

"कोणता नंबर?" शलाकाने विचारलं.

"थो काय, मशीनवर हाये. टोपी कोनाच्या डोक्यावर हाये थे मले काय ठाऊक? रोज बदलते."

उईकेने मशीनच्या पडद्यावर पाहिलं आणि एक हात भिंतीला टेकवला. "दौलतची टोपी," तो म्हणाला. "परवा बत्तीघरातून मीच देल्ली त्याले."

शलाकाला आता सगळं लख्ख दिसलं, आणि ते आधी दिसलं नाही म्हणून ती स्वतःवरच भडकली.

"भजीला निकड नाही!" ती ओरडली. "अहो, भजी मागवायला कुणाची वाट अडवावी लागत नाही. तो निरोप रिकामा क्षण मिळेल तेव्हा सरकत सरकत वर येतो. खोटी भजी मागवून कुणाचा फायदा होत नाही, म्हणून तिथे कुणी पत तपासत नाही. तिथे खेळच नाही! लाल बटण दाबून दाबून दौलत थकला असेल आणि मग त्याने रोजचं बटण दाबलं असेल. मशीनने उत्तर दिलं असेल, 'ऑर्डर मिळाली'. दोन दिवसांत त्याच्याशी बोललेली एवढी एकच गोष्ट आहे, खापर्डेसाहेब. आणि ती तुम्ही त्याच्या मरणाचा पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवलीत!"

"किती माणसं आहेत, थेच सांगून रायला होता थो," उईके हळूच म्हणाला. "चार प्लेटा."

"आन आज तीन," पार्बताबाई म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिने झारा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

निनाद एकदम उठला. त्याने मशीनच्या पडद्याकडे हात नेला. "मी त्या टोपीच्या ऑर्डरला इथूनच लाल दर्जा लावतो. म्हणजे तिचे निरोप ताबडतोब—"

शलाकाने त्याच्या हातावर चापट मारली. वर्गात कधी मारली नव्हती इतक्या जोराने.

"लाल केलंस की मेला तो! निकड चिकटली की पत तपासणार, पत तपासली की पुन्हा वाळीत. भजी म्हणून येतंय तोवरच येतंय. हात लावू नकोस त्याला."

मग ती खापर्ड्यांकडे वळली. पाटी त्यांच्या हातातच होती. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण तिला त्यांची दया आली नाही. तेवढा वेळ नव्हता.

"भिंत थांबवा. सगळी यंत्रं थांबवा. खोदणाऱ्यांना शांतता पाहिजे आणि लहरपट्टा मोकळा पाहिजे."

"वर कळवून परवानगी—"

"परवानगी लागत नाही. एक लाल हाक लागते. माझ्या टोपीची पत गेली, तुमच्यादेखत गेली; दुसरी घातली तरी हाक रद्द करणारा अंगठा तुमचाच. उईकेचं कुणी ऐकणार नाही, दोन दिवस न झोपलेल्या माणसाची नाडी कशी असते ते तुमच्या यंत्रांना पाठ आहे. तुम्ही घाला." तिने खुंटीवरची कोरी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर बसवली. "तुमची नाडी उत्तम. हवा शुद्ध. बॅटरी भरलेली. निवृत्तीला अजून पुष्कळ वर्षं आहेत. तुमच्याइतका लांब खेळ इथे कुणाचाच शिल्लक नाही, साहेब. तुम्ही खोटं बोललात तरी पाताळापर्यंत ऐकू जाईल. आज खरं बोला."

खापर्ड्यांनी लाल बटण दाबलं. भोंगा पुन्हा कोकलला. पायांखालची घरघर थांबली, आणि या वेळी कुणी अंगठा टेकवून ती पुन्हा सुरू केली नाही. उईके तोवर खाणीच्या तोंडाकडे पळत सुटला होता. त्याच्या शिव्या बऱ्याच लांबून ऐकू येत होत्या, आणि त्यातली एकही भिंत बांधणाऱ्या गवंड्यांसाठी नव्हती.

"त्याले सांगता येते का, आमी येऊन रायलो म्हनून?" पार्बताबाईने विचारलं.

मशीनवर दोनच उत्तरं होती. एक 'ऑर्डर मिळाली', ते आपोआप जायचं. दुसरं 'ऑर्डर निघाली'. कॅन्टीनमधून खाली कधी कुणी भजी पोचवायला गेलं नव्हतं, म्हणून त्या बटणाला इतक्या वर्षांत हात लागला नव्हता. त्यावर पिठाचा थर बसला होता.

"दाब," शलाका म्हणाली.

पार्बताबाईने ओल्या बोटाने पीठ पुसलं आणि दाबलं. मग चौघंही त्या मशीनपुढे उभे राहिले. भट्टीत कोळसा तडतडत होता. निनाद रडत होता. शलाकाला वाटलं, रडू दे, उद्या याला आणखी रडवायचंय, आणि मला चौकशीसमोर स्वतःलाही उभं करायचंय. पण ते उद्या.

बराच वेळ काही झालं नाही. लांब कुठेतरी पहार दगडावर पडल्याचा आवाज आला. आणि मग मशीनने रोजच्यासारखं टिंग केलं, पडद्यावर दौलतच्या टोपीचा नंबर आला, आणि त्यापुढे : 'चहा – तीन.'

पार्बताबाईने डोळे पुसले, भजीची कढई उतरवली आणि चहाचं मोठं पातेलं भट्टीवर ठेवलं.